साप आत गेले की

वाळवंट आपली गुपितं सहजासहजी कोणाला सांगत नाही. हे वाक्य मी दोन माहितीपटांत, विमानातल्या एका मासिकात आणि आमच्या विभागप्रमुखांच्या जवळजवळ प्रत्येक भाषणात ऐकलं आहे. डॉ. लोर्ना व्हेंचुरा यांनी ते माझ्याहून बरंच जास्त वेळा ऐकलं असणार, कारण ते म्हणताना लोक हटकून त्यांच्याकडे बघायचे. एकदा एका वार्ताहर मुलीने त्यांना विचारलं, "हे वाळवंट तुमच्या कानात काय सांगतं?" बाई क्षणभर खरंच ऐकत असल्यासारख्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आज वारा आहे. टोपी सांभाळ." मुलीची टोपी तोवर उडाली होती.

लोर्नाबाई ओओडम या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातल्या. दक्षिण ॲरिझोनाचं हे वाळवंट, ज्यात सग्वारो नावाचे दुमजली घराएवढे निवडुंग हात वर करून उभे असतात, हे त्यांच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. शिवाय त्यांनी मृदाशास्त्रात डॉक्टरेट केली होती. पण या दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणं लोकांना जड जायचं. विद्यापीठात त्या 'परंपरेचा आवाज' होत्या आणि गावी 'युनिव्हर्सिटीवाली'. दोन्हीकडे त्यांना त्याच कारणासाठी चहाच्या टेबलावर जरा लांबची खुर्ची मिळायची.

मी त्यांच्याकडे पोचलो तो नाइलाजाने. ॲरिझोनातल्याच चँडलर शहरातल्या एका चिप कंपनीने आमची अख्खी टीम काढून टाकली, व्हिसाचा काटा टिकटिक करायला लागला, आणि विद्यापीठातल्या एका प्रकल्पाला डेटा सांभाळणारा माणूस हवा होता. पगार ऐकून माझा नागपूरचा मित्र सचिन म्हणाला, "यार मंदार, तू चिप डिझाइन सोडून सापाविंचवांच्या प्रॉडक्शन सपोर्टला जॉइन झालास?" तेव्हा तो थट्टा करत होता. पुढे ते शब्दशः खरं ठरलं.

इंग्रजीत अहोजाहो नसतं, त्यामुळे तोंडाने मी त्यांना इतरांसारखं लोर्ना म्हणायचो. मनात मात्र पहिल्या आठवड्यापासून बाईच.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, साठीला टेकलेल्या. जुनी पिकअप गाडी, काचा कायम खाली, एसी असूनही बंद. "बाहेर काय चाललंय ते कळायला नको?" असं म्हणत त्या जूनच्या भट्टीत मला बाजूच्या सीटवर भाजायच्या. स्वतः गरम झालेला डाएट सोडा चहासारखा घोट घोट प्यायच्या. कामाच्या जागी उतरलं की चिमूटभर माती घ्यायच्या, तिच्यावर थुंकायच्या आणि ती बोटांत मळत राहायच्या. बाहेरून आलेले पाहुणे हे पाहून आवाज बारीक करायचे. त्यांना तो काहीतरी विधी वाटायचा. मातीत चिकणमातीचा अंश किती, हे ओळखायची ती पाठ्यपुस्तकातली पद्धत होती. उलट, रस्त्यावरच्या एका जुन्या सग्वारोपाशी बाई गाडी हळू करून हात उंच करायच्या, तेव्हा तेच पाहुणे समजायचे की त्या झाडाची उंची अजमावताहेत. त्या नमस्कार करत असायच्या.

प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं. त्यात 'पारंपरिक ज्ञान', 'आधुनिक विज्ञान' आणि 'सेतू' असे तिन्ही शब्द होते. बाई त्याला 'ओढ्याचं काम' म्हणायच्या. वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांत पाणी कुठे मुरतं, कुठे टिकतं आणि त्याच्या आधाराने काय जगतं, हे शोधायचं. त्यासाठी एकीकडे ओलावा मोजणारे सेन्सर आणि दुसरीकडे गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी. कोणीही काहीही सांगितलं की बाईंचा एकच प्रश्न असायचा: "हे कोणी पाहिलं?" प्राध्यापकालाही तोच आणि अंब्रोजमामालाही तोच.

अंब्रोजमामा म्हणजे त्यांचे सख्खे मामा. आयुष्यभर शाळेची बस चालवली, वर चार गुरं राखली. मामांचं म्हणणं, काळ्या मुंग्या बिळाचं तोंड बुजवायला लागल्या की तिसऱ्या दिवशी पाऊस. बाईंनी बिळांशेजारी पर्जन्यमापक लावला आणि काही पावसाळे तपासून पाहिलं. मुंग्यांचा अंदाज नाणं उडवण्याइतकाच बरोबर निघाला. बाईंनी ते मामांना अंगणात, माझ्यादेखत, सरळ सांगून टाकलं. मामांनी विचारलं,

"कुठल्या बिळापाशी लावलंस यंत्र?"

"कुंपणापलीकडच्या."

"त्या मुंग्यांना कधीच काही कळत नव्हतं," मामा म्हणाले.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अशा लेखात म्हातारे नेहमी बरोबर निघतात. बरोबरही निघायचे. एका ओढ्याच्या वळणाचं त्यांच्या भाषेतलं नाव 'लव्हाळे उभे असतात ती जागा' असं होतं. तिथे लव्हाळ्याची काडीही कोणाला आठवत नव्हती. आमच्या नकाशावर ती जागा कोरडी ठणठणीत. बाईंनी केवळ नावावर भरवसा ठेवून तिथे खोल सेन्सर पुरला. पाऊस सरून कितीतरी आठवडे झाले तरी खालचा ओलावा हटेना. बाकी सगळ्या जागांच्या रेषा स्क्रीनवर आडव्या झाल्या होत्या, हीच एक वर तरंगत होती. आमच्या एका विद्यार्थिनीने अहवालात उत्साहाने लिहिलं, 'पूर्वजांचं ज्ञान विज्ञानाच्या कसोटीवर सिद्ध झालं.' बाईंनी ते वाक्य खोडलं.

"का? चांगलं आहे की," ती म्हणाली.

"नाव ठेवणाऱ्याने पाणी पाहिलं होतं. त्याला आपल्या सर्टिफिकेटची गरज नाही," बाई म्हणाल्या. "आपण आपला सेन्सर चालतो का ते तपासलं. चालतो. तेवढं लिही."

विभागातल्या प्रत्येक बैठकीच्या आरंभी विभागप्रमुख एक निवेदन वाचायचे: ही जमीन मूळ कोणाची, आणि त्याबद्दल आम्हाला किती कृतज्ञता वाटते. बाई तेवढ्यात संत्रं सोलून घ्यायच्या. एकदा निवेदन संपल्यावर त्यांनी हात वर केला. "आभार. आता त्या जमिनीवर गाडी लावायचा पास मला मिळेल का? तीनदा अर्ज केलाय." सगळे मोकळेपणाने हसले. पास मिळाला नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती गोष्टींचीच आहे. मामा आणि गावातल्या आणखी काही म्हाताऱ्यांनी त्यांच्या जुन्या कथा बाईंजवळ रेकॉर्ड केल्या. त्या कथांत ओढे होते, डोंगर होते, कुठलं पाणी कधी आटलं आणि कुठल्या प्राण्याने कुठे वस्ती केली ते होतं. आमच्या नकाशावरच्या निम्म्या जागांची नावं त्यांतूनच आली. देताना त्यांची अट एकच होती. या कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या आणि ऐकायच्या. साप जमिनीत गेल्यावर. उन्हाळ्यात सांगितल्या तर साप ऐकतात आणि त्यांना राग येतो. बाईंनी शब्द दिला: संगणकावरही तसंच होईल. न झाल्यास रेकॉर्डिंग परत.

मी इंटरनेटवर या कथांचं पोर्टल बनवलं आणि अट पाळण्यासाठी मला सुचलं ते केलं. नोव्हेंबरच्या एक तारखेला दार उघडणार, फेब्रुवारीच्या शेवटी बंद होणार. बाईंनी पाहिलं आणि विचारलं, "सापांना तारीख कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"हिवाळा कॅलेंडरात नसतो, मंदार. साप आत गेले की हिवाळा."

मी वैतागून म्हणालो, "मग पोर्टल सापालाच जोडू का?"

बाईंनी सोड्याचा घोट घेतला. "जोडता येईल?"

तर आम्ही ते सापाला जोडलं. गावाजवळच्या खडकाळ उतारावर रॅटलस्नेकचं, म्हणजे शेपटी खुळखुळवणाऱ्या त्या जाडजूड विषारी सापांचं, हिवाळ्यात गोळा होऊन राहायचं बीळ होतं. बाईंनी त्याच्या तोंडाशी, खडकाच्या फटीत तापमापक बसवला आणि समोर कॅमेरा लावला. पहिला पूर्ण हिवाळा त्यांनी फक्त पाहण्यात घालवला. मामा सकाळी येऊन सांगायचे, आज कथा सांगायला हरकत नाही, किंवा आज नको. बाई तापमान आणि कॅमेऱ्यातले फोटो त्याच्याशी ताडून बघायच्या. शेवटी एका तापमानावर दोघांचं एकमत झालं. फटीतली ऊब त्याखाली राहिली की पोर्टल आपोआप उघडायचं. वर गेली की आपोआप मिटायचं आणि पडद्यावर एक ओळ यायची: 'साप बाहेर आहेत. थंडी पडल्यावर या.'

त्या सुमारास माझी आई चँडलरला आली होती. बाई जेवायला आल्या आणि येताना त्यांच्याकडच्या वाळवंटी शेंगांचे बारीक दाणे घेऊन आल्या. आईने ते हातावर घेऊन पाहिले, "मटकीची चुलत बहीण दिसते," म्हणाली आणि भिजवून ठेवले. जेवताना कथांचा विषय निघाला. दुभाषेपण माझ्या मुलीकडे होतं. ती आजीचं मराठी ऐकून इंग्रजीत सांगायची आणि बाईंचं इंग्रजी आजीला इंग्रजीतच ऐकवायची. उरलेलं मी निस्तरत होतो.

मला वाटलं होतं, आईला हे विचित्र वाटेल. आई म्हणाली, "त्यात काय. श्रावणातल्या कहाण्या वैशाखात कोण वाचतं?" मग बाईंकडे वळून, "पण काकू, चुकून सांगितलीच उन्हाळ्यात, तर काय होतं?" साठीच्या बाईंना काकू म्हणणारी माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती, पण पाहुणीला नावाने हाक मारणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"साप चावतो," बाई म्हणाल्या.

"साहजिक आहे," आई म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.

परत सोडायला जाताना मी गाडीत विचारलं, "तुमचा खरंच विश्वास आहे यावर?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "प्रयोग करून बघायचा तर उन्हाळ्यात कथा सांगणारा एक गट लागेल. माझ्या घरातून कोणी तयार नाही."

ग्रँटची मुदत संपत आली. पुढची वर्षं मिळायची तर एक समिती येऊन काम पाहणार होती. पैसे थांबले तर पोर्टल बंद, विद्यार्थिनी अर्ध्यावर, आणि मीही पुन्हा व्हिसाचा काटा ऐकत बसणार. समितीला मे महिना सोयीचा होता. बाईंनी अनेक पत्रं लिहून ती तारीख ओढत ओढत फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणली. कारण समितीला पाहायचं होतं ते पोर्टल. बाईंनी लिहिलेल्या अर्जात विभागप्रमुखांनी त्याचं वर्णन 'दोन ज्ञानपरंपरांमधलं सदैव उघडं दार' असं केलं होतं. बाईंनी 'सदैव' खोडा म्हणून सांगितलं होतं. ते राहून गेलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत थंडी अचानक ओसरली. समिती आली त्या सकाळी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. भाषणं झाली, निवेदन झालं, संत्रं सोलून झालं. मी प्रोजेक्टर लावला आणि पोर्टल उघडलं. भिंतभर ओळ आली: 'साप बाहेर आहेत. थंडी पडल्यावर या.'

समितीतले एक गृहस्थ हसले. त्यांना तो विनोद वाटला आणि आवडला. मग कोणीच पुढे काही करेना तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

विभागप्रमुख माझ्या खुर्चीमागे येऊन वाकले. "हे बाजूला सारता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो. येत होतंच. एक ओळ बदलायची होती.

"मग दहा मिनिटं उघड. लोर्ना, दहा मिनिटं."

सगळे बाईंकडे बघायला लागले. त्या माझ्या स्क्रीनवर बिळासमोरच्या कॅमेऱ्याचा फोटो पाहत होत्या. खडकावर एक भलामोठा रॅटलस्नेक सैल वेटोळं घालून उन्हात पसरला होता. त्याला कसलीही घाई दिसत नव्हती.

"नाही," बाई म्हणाल्या.

"एखाद्या दिवसाने काय होतं? अजून फेब्रुवारी आहे. तांत्रिकदृष्ट्या हिवाळाच आहे."

"तांत्रिकदृष्ट्या तो बाहेर बसलाय."

"लोर्ना, ही चार वर्षांची ग्रँट आहे."

"मला माहीत आहे. अर्ज मीच लिहिलाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मंदार, हात लावू नको." आवाज चढला नव्हता. माझा हात मांडीवर होता, तो तिथेच राहिला. माझी नोकरी त्या एका ओळीवर होती हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

मग त्यांनी समितीला विचारलं, "चालायची तयारी आहे का?"

बाई सगळ्यांना गाड्या करून त्या उतारावर घेऊन गेल्या. समितीच्या अध्यक्षबाईंच्या पायात नाजूक चपला होत्या, त्यांना आमच्या विद्यार्थिनीने आपले जादाचे बूट दिले. सुरक्षित अंतरावर बाई थांबल्या, खडकाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हे आमचं लॉगिन पेज."

तिथे उन्हात उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून इतकं सलग आधी ऐकलं नव्हतं. मामांच्या लहानपणी कथा किती दिवस चालायच्या, तापमापक बसवल्यापासून पोर्टल दर हिवाळ्यात किती काळ उघडं राहिलं, आणि तो काळ कसा कमी होत चाललाय. "मी फक्त काही वर्षांचं सांगू शकते, त्यावरून फार बोलू नये. मामा सत्तर वर्षांचं सांगतात, पण त्यांच्याकडे तापमापक नव्हता. दोन्ही एकाच दिशेला जातात. तुम्ही पाहायला आलात ती कथा आज मिळणार नाही. का मिळणार नाही, ते समोर बसलंय." कोणीतरी विचारलं, कथांमध्ये यावर काही उपाय आहे का. बाई म्हणाल्या, "असेल. डिसेंबरात विचारा."

परतताना आम्ही मामांकडे थांबलो. बाईंनी झालेलं सगळं त्यांना सांगितलं.

मामा म्हणाले, "दहा मिनिटं उघडलं असतं तर मला पत्ताही लागला नसता. मला तो कॉम्प्युटर चालवता येत नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

मामांनी मान हलवली आणि गुरांना चारा टाकायला उठले.

समितीचा अहवाल उन्हाळ्यात आला. उतारावरच्या सकाळबद्दल त्यात एक हळवा परिच्छेद होता, 'विनम्र करून टाकणारा अनुभव' असं काहीतरी. खाली निर्णय होता. पोर्टलला पुढे पैसे नाहीत, कारण ते वर्षातला बहुतेक काळ बंद असतं आणि त्याचा अपटाइम, म्हणजे चालू असण्याचा काळ, असमाधानकारक आहे. तापमापक आणि कॅमेरा मात्र 'ऋतुबदलाचा अभिनव निर्देशक' ठरले. त्यांच्यासाठी मागितल्यापेक्षा जास्त मिळालं. थोडक्यात, ग्रँट सापाला मिळाली. माझी नोकरी त्यातच बसवली गेली आणि सचिनला आयुष्यभर पुरेल एवढा विषय मिळाला.

पैसे कथांचे थांबले होते, त्यामुळे बाईंनी रेकॉर्डिंग गावातल्या सांस्कृतिक केंद्राला द्यायचं ठरवलं. पाठोपाठ निवृत्तीचा अर्जही दिला. विभागप्रमुखांनी निरोप समारंभ ठरवला, पण त्या दिवशी बाईंना ओढ्यावर काम निघालं.

शेवटचं भेटलो ते ऑक्टोबरात. रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क न्यायला त्या आल्या होत्या. पास नसल्यामुळे गाडी रस्त्यावरच इंजिन चालू ठेवून उभी केली होती. मी डिस्क त्यांच्या हातात दिली. आत बरंच काही असून ती वजनाला भलतीच हलकी होती. बाईंनी ती बाजूच्या सीटवर ठेवली, क्षणभर विचार केला आणि तिच्याभोवती सीटबेल्ट लावला.

"आता केंद्रात कसं करणार? तिथेही तापमापक बसवू का?" मी विचारलं.

"नको. तिथे एक बाई बसते, तिच्याकडे किल्ली आहे," त्या म्हणाल्या. "साप बाहेर असले की ती सांगते, किल्ली सापडत नाही."

"आणि लोक ऐकतात?"

"तिचं सगळेच ऐकतात. माझी मावशी आहे."

हात बाहेर काढून त्यांनी गाडी वळवली. काचा खालीच होत्या. माझ्यामागे एक पार्किंगवाला येऊन उभा राहिला होता, तो त्यांची नंबरप्लेट लिहून घेत होता.

पोर्टल अजून आहे. ते बंद कोणी करायचं हे विद्यापीठात कोणालाच माहीत नाही. आत जपण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे आयटीवाल्यांनी सापाची अट काढून टाकली आणि आता ते बाराही महिने उघडं असतं. विभागाच्या ताज्या अहवालात त्याचा अपटाइम उत्कृष्ट नोंदवला आहे.